त्रेसष्ट मेल आणि एक वही

पत्राचा गोषवारा: सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली, वनस्पतिशास्त्र घेतलेली एक विद्यार्थिनी लिहिते. पुण्यात शिकणारी तिची मावसबहीण उन्हाळ्याच्या सुट्टीत एका संशोधन संस्थेत दोन महिने काम करून आली, तेव्हापासून हिच्या जिवाला चैन नाही. तीन आठवड्यांत हिने देशभरातल्या ६३ प्राध्यापकांना इंटर्नशिपसाठी मेल पाठवले. उत्तरं आली दोन, दोन्ही नकाराची. त्यातच मोबाईलवर एक जाहिरात दिसली: ४,९९९ रुपये भरा, सहा आठवड्यांची ऑनलाईन 'रिसर्च इंटर्नशिप' करा, सर्टिफिकेट घ्या आणि वर तुमच्या नावावर एक पेपरही छापून मिळेल. वडील पैसे द्यायला तयार आहेत. तिचे प्रश्न तीन. हे पैसे भरावेत का? तिसऱ्या वर्षाला पुण्याच्या कॉलेजात जावं का? आणि एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) सोडावं का? मागच्या वर्षी तिचा कॅम्प झाला आहे, यंदाचा कॅम्प आणि घरची डाळिंबाची तोडणी एकाच वेळी येते, आणि 'एनएसएसचा करिअरला काही उपयोग नाही' असं सगळे म्हणतात. सर चांगले आहेत, पण 'आमच्या कॉलेजात रिसर्च कुणीच करत नाही'. पत्राच्या शेवटी ती लिहिते: "बायोडेटा करायला बसले की नाव, पत्ता, टक्के लिहून होतात आणि पुढे सुचतच नाही. मागच्या वर्षी खोडकीड आणि मर यांच्यामुळे आमची चारशेपैकी १७० झाडं काढावी लागली. कोणतं झाड कधी वाळलं ते मी वहीत लिहायचे, बाबांना औषधाच्या हिशेबाला लागायचं म्हणून. त्यातच अख्खा उन्हाळा गेला. बाकीचे तेवढ्यात कुठल्या कुठे पोचले."

तुला 'तू'च म्हणते. एकोणतीस वर्षं तुझ्याच वयाच्या मुलींना वर्गात 'अगं ए' करत आले, आता अहोजाहो करायला लागले तर मलाच परकं वाटेल.

आधी त्या मेलचं बोलू, कारण नमुन्यादाखल तू एक पत्रासोबत जोडला आहेस. 'रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम अ हायली मोटिव्हेटेड अँड पॅशनेट स्टुडंट…' असा. उन्हाळ्याच्या तोंडावर असे मेल मलाही यायचे. मी बाई असून 'रिस्पेक्टेड सर', आणि काहींत तर माझ्याआधी ज्यांना पाठवला त्या चाळीस जणांचे पत्ते वर तसेच. मी ते पुसून टाकायचे. वाईट वाटायचं, पण पुसायचे. कारण तो मेल कुणीही कुणालाही पाठवू शकलं असतं. तुझ्या मेलमधून तुझं नाव काढलं आणि तुझ्या मावसबहिणीचं घातलं, तर एक काना-मात्रा बदलावा लागणार नाही. ज्याला तो मिळतो त्याच्या प्रयोगशाळेत काय चालतं हे त्यात नाही, आणि तू कोण आहेस हेही नाही. मग नकार तुला मिळाला असं मी का म्हणू? तू अजून कुणाला भेटलेलीच नाहीस.

आता तुझ्या पत्राच्या शेवटचं ते वहीचं वाक्य. तू ते सबब सांगावी तसं लिहिलंस, 'त्यातच अख्खा उन्हाळा गेला' असं. मी ते वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अगं, चारशे झाडांच्या बागेत कोणतं झाड कोणत्या तारखेला वाळलं, कोणत्या ओळीतलं, याची सलग नोंद तुझ्याकडे आहे. ती तू औषधाच्या हिशेबासाठी ठेवलीस म्हणून ती नोंद कमअस्सल होत नाही. उलट त्यामुळे ती जास्त खरी असण्याची शक्यता आहे. प्रोजेक्टसाठी ठेवलेल्या वह्या मी खूप पाहिल्यात. सबमिशनच्या आदल्या रात्री, एकाच शाईने, एकाच बैठकीत भरलेल्या. बापाच्या पैशाचा हिशेब असलेली वही कुणी अशी भरत नाही.

त्या वहीत एक चांगला प्रश्न आहे, तो तुला दिसतोय का पाहा. डाळिंबाला मर येते ती बुरशीमुळे, त्यात सेरॅटोसिस्टिसचं नाव पहिल्यांदा घेतलं जातं. दुसरीकडे खोडकीड, म्हणजे खोडाला टाचणीएवढी भोकं पाडणारे बारीक भुंगेरे असतात. या भुंगेऱ्यांच्या जातकुळीतले कित्येक लाकडात बोगदे करून आत बुरशीची शेती करतात, तीच त्यांचं अन्न. मग तुझ्या बागेत आधी कोण आलं? भोकं पडली म्हणून झाड वाळलं, की आतून मरायला लागलेल्या झाडावर भुंगेरा येऊन बसला? वाळण्याची लाट ठिबकच्या लाईनने पुढे गेली, की शेजारच्या मोडलेल्या बागेच्या बांधाकडून आत शिरली? याचं उत्तर तुझ्या वहीतून कदाचित मिळणार नाही. पण हे विचारता येण्याइतका मालमसाला तुझ्याकडे आहे, आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून याहून जास्त कुणी अपेक्षित धरत नाही.

तेव्हा पहिलं काम: वही सरळ कर. मूळ वहीला हात लावू नकोस, त्यात खाडाखोडही करू नकोस. ती आहे तशी जपून ठेव आणि दुसरीत उतरव. पहिल्या पानावर बागेचा नकाशा काढ. चौकोनी कागद घे, एक चौकोन म्हणजे एक झाड, आणि ओळींना नंबर दे. विहीर कुठे, पाट कुठे, बांध कुठे, शेजाऱ्याची बाग कुठे, उत्तर दिशा कुठे, ते दाखव. मग वाळलेलं प्रत्येक झाड महिन्याप्रमाणे वेगळ्या रंगाने रंगव. मार्च पिवळा, एप्रिल नारिंगी, असं काहीतरी. रंगवून झालं की कागद भिंतीला लाव आणि चार पावलं मागे जाऊन बघ. रंग विखुरलेले दिसतात की एका बाजूने सरकत गेलेले, हे डोळ्यांना आधी कळतं. आकडेमोड नंतर.

आणि फवारणीच्या तारखा बाबांच्या हिशेबात असतीलच. त्या त्याच नकाशाखाली लिही. कोणतं औषध, किती, कधी. 'औषधाने फरक पडला' असं लगेच लिहायला जाऊ नकोस. फक्त तारखा एकाखाली एक ठेव.

आता दार कुठलं ठोठवायचं. तुझं विद्यापीठ ज्या केगावात आहे, तिथेच भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २००५ सालापासून. देशातलं डाळिंबावरचं हे केंद्र तुझ्याच जिल्ह्यात, आणि तू ६३ मेल देशभर पाठवलेस. त्यातले केगावला किती गेले? रागावत नाहीये. आपल्याला लांबचं ते मोठं वाटतं, आमच्या पिढीलाही वाटायचं. तिथे लगेच इंटर्नशिप मागू नकोस. विभागप्रमुखांच्या सहीचं एक पत्र घे, एक दिवसाची भेट माग, नकाशा आणि वही घेऊन जा. 'हे असं दिसतंय, पुढे काय पाहायला हवं होतं?' एवढंच विचार. कामाची माणसं फुकटच्या विनंतीला कंटाळतात, पण समोर कुणी नीट माहिती ठेवली तर त्यांनाही बोलायला आवडतं.

ज्यांना मेल करायचा त्यांच्यासाठी ६३ नव्हे, पाच नावं काढ. प्रत्येकाच्या एका तरी शोधनिबंधाचा सारांश वाच. समजला नाही तर दोनदा वाच, तरी नाही समजला तर नाव बदल. मग साधारण असं लिही, मराठीत आधी, मग सरांना घेऊन इंग्रजीत:

"नमस्कार. मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या सव्वा एकर डाळिंब बागेत गेल्या वर्षी चारशेपैकी १७० झाडं गेली. प्रत्येक झाड कधी वाळायला लागलं याची तारीखवार नोंद माझ्याकडे आहे, नकाशा जोडला आहे. मर आणि खोडकीड यांतलं आधी काय आलं हे ओळखायला काय पाहतात, ते मला शिकायचं आहे. उन्हाळ्यात सहा आठवडे मी येऊ शकते. ते शक्य नसेल तर मी आधी काय वाचावं, एवढं सांगितलंत तरी मला पुढे जाता येईल."

संपलं. 'पॅशनेट' नाही, 'एस्टीम्ड' नाही. शेवटच्या ओळीकडे लक्ष दे, तिथे समोरच्याला नाही म्हणूनही मदत करायची वाट ठेवली आहे. दहा-बारा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण कर, दुसऱ्यांदा नको. शक्य तिथे त्यांच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनाही लिही. उत्तर बहुधा तिकडून आधी येतं, आणि भुंगेरा खोडातून बाहेर कसा काढायचा हे हाताने करणारी माणसं तीच असतात.

४,९९९ रुपयांचं एका ओळीत सांगते: भरू नकोस.

का, ते थोडं जास्त सांगते, कारण अशी पत्रं मला महिन्याला दोन-तीन येतात. पैसा कोणत्या दिशेने जातोय ते आधी बघायचं. बेंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी या तीन अकादम्या मिळून दरवर्षी उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. त्यात निवड झाली तर विद्यार्थ्याला दोन महिन्यांचं विद्यावेतन मिळतं, प्रवासखर्चही मिळतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा उन्हाळी कार्यक्रम आहे, तिथेही पैसे संस्थाच देते. म्हणजे खऱ्या ठिकाणी तुझ्या वेळेला किंमत असते. एखाद्या कार्यशाळेला राहण्या-जेवणाचे पैसे घेतात, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. पण काम सुरू व्हायच्या आधीच ज्याचा पेपर छापायचं ठरलेलं असतं, त्या कामात शोधायचं काय राहिलं? आणि असा पेपर पुढे आडवा येतो. एम.एस्सी.च्या मुलाखतीत कुणी 'यातली दुसरी आकृती समजावून सांगा' म्हटलं की मुलं खाली बघतात. मी ती तोंडं पाहिली आहेत.

बाबा पैसे द्यायला तयार आहेत ना? मग त्यातून दहा पटीचं एक भिंग घे, पट्टी घे, दोनदा सोलापूरला जायचं एसटीचं भाडं बाजूला काढ. स्वयम-एनपीटीईएल या सरकारी ऑनलाईन मंचावरचे अभ्यासक्रम ऐकायला फुकट आहेत. परीक्षा दिली आणि प्रमाणपत्र हवं असलं तरच एक हजार रुपये लागतात. संख्याशास्त्राची ओळख करून देणारा एखादा घे, तुझ्या वहीला त्याची गरज पडणार आहे. इतकं करून पैसे उरतील, ते बाबांना परत दे.

त्या तीन अकादम्यांच्या फेलोशिपचा अर्ज मात्र भर. साधारण दिवाळीच्या आगेमागे अर्ज सुरू असतात, त्यामुळे जाहिरात उन्हाळ्यात शोधणाऱ्यांची गाडी दरवर्षी चुकते. दहावीपासूनचे गुण विचारतात, तुला काय करायचंय यावर एक छोटं टिपण मागतात आणि एका शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. टिपणात सगळे 'मला संशोधनाची आवड आहे' लिहितात. तू १७० झाडं लिही. पहिल्या वर्षी निवड होईलच असं नाही, अर्ज फार येतात. पण टिपण लिहून ठेवलंस की तेच थोडं फिरवून आयसर आणि इतर संस्थांच्या उन्हाळी जाहिरातींना वापरता येतं. त्या बहुतेक जानेवारी ते मार्चमध्ये निघतात.

आणि निवड झालीच तर? मे महिन्यात घरी छाटणी, शेणखत, सगळं. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची फुलं धरता तुम्ही, तेव्हा पाणी तोडून ठेवलेली बाग ताणावरून काढायची वेळ तीच. तू नसलीस तर तुझ्या जागी मजूर लावावा लागेल. हे आधीच बाबांसमोर मांड, आकड्यांसकट: इतके दिवस, इतकी मजुरी, आणि इकडे इतकं विद्यावेतन. शहरातल्या मुलांना हा हिशेब करावा लागत नाही. त्यांची सुट्टी ही खरंच सुट्टी असते. तुझी नसते. 'पुढे सुचतच नाही' असं जे तू लिहिलंस, त्यात हा फरक तू धरलेलाच नाहीस. बायोडेटात एक ओळ लिही, लाजायचं काही नाही: 'घरच्या डाळिंब बागेत दरवर्षी दोन महिने पूर्णवेळ काम, छाटणी, फवारणीच्या नोंदी.' वनस्पतिशास्त्राच्या माणसाला ती ओळ वाचून बरं वाटेल. आम्ही बाटनीवाले इतके रुक्ष नसतो.

शिफारसपत्रावरून तुझ्या सरांकडे येते. 'आमच्याकडे रिसर्च कुणीच करत नाही' असं तू लिहिलंस. कधी विचारलंस? एक गंमत सांगते. शोधगंगा नावाचं संकेतस्थळ आहे, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध तिथे कुणालाही फुकट वाचता येतात. तुझ्या सरांचं नाव तिथे टाकून बघ. प्रबंध सापडला तर ऋणनिर्देश आणि पहिलं प्रकरण वाच आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये जाऊन त्यातला एक प्रश्न विचार. सापडला नाही तर सरळच विचार, 'सर, तुमची पीएच.डी. कशावर होती?' तालुक्याच्या कॉलेजातला शिक्षक म्हणजे दिवसाला दोन-दोन प्रॅक्टिकलच्या बॅचेस आणि उरल्या वेळात नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली. त्या फायलींखाली कित्येकदा बुरशीवर किंवा शेवाळावर चार वर्षं घालवलेला एक माणूस दबलेला असतो. त्याला वर यायला कुणीतरी विचारावं लागतं. माझ्या नोकरीच्या सव्वीसाव्या वर्षी एका मुलाने मला माझ्या प्रबंधाबद्दल विचारलं होतं. मी त्याला चहा पाजला आणि त्या शनिवारी घरी जायला मला पावणेआठ वाजले.

सरांना शिफारसपत्र मागण्याआधी तुझं काम दाखव. ज्याने तुला काम करताना पाहिलंय त्याचं पत्र चार ओळींचं असलं तरी वजनदार होतं. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात तुम्हाला फील्ड प्रोजेक्टचे आणि समाजसहभागाचे क्रेडिट आहेतच. बरीच मुलं तो प्रोजेक्ट मागच्या बॅचकडून घेतात, मुखपृष्ठ बदलतात आणि झेरॉक्सच्या दुकानातून स्पायरल करून आणतात. तू सरांना म्हण, 'माझा फील्ड प्रोजेक्ट आमच्या बागेवर करू का?' तेच काम मग 'आविष्कार'च्या पोस्टरला चालेल. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या त्या संशोधन स्पर्धेत पदवीच्या विद्यार्थ्यांचा गट वेगळा असतो, आधी विद्यापीठाच्या पातळीवर, मग राज्याच्या. एकच काम तीन ठिकाणी वापरणं म्हणजे लबाडी वाटेल तुला. नाही, संशोधनात असंच असतं. फक्त तीन ठिकाणी तीन वेगळे निष्कर्ष काढू नकोस म्हणजे झालं.

पुण्याचं. 'संधी शहरात असतात' हे म्हणणं मी खोडून काढणार नाही. प्रयोगशाळा तिथे आहेत, ओळखी तिथे होतात, इंग्रजी कानावर पडतं. तुझ्या मावसबहिणीला जाहिरात आधी कळली कारण तिच्या वर्गात तिघांनी आदल्या वर्षी अर्ज केला होता. हा फायदा खरा आहे. पण तू शेवटच्या वर्षासाठी गेलीस तर काय होईल ते डोळ्यांपुढे आण. नवं कॉलेज, नवी खोली, मेसचं जेवण, विषयांची जुळवाजुळव, आणि तुला ओळखणारा एकही शिक्षक नाही. शिफारसपत्र मागायची वेळ येईल तेव्हा तू तिथे तीन महिन्यांची असशील. आणि बाग? चारशेतली उरलेली झाडं सोलापुरात. मी तुझ्या जागी असते तर पदवी इथेच पुरी केली असती आणि एम.एस्सी.ला पुणे, मुंबई, हैदराबाद, जिथे मिळेल तिथे गेले असते. उन्हाळ्याचे दोन महिने बाहेर जाऊन येणं ही मधली वाट आहे, आणि तिला खोलीचं वर्षाचं भाडं लागत नाही.

एक अपवाद. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं मनात असेल तर तुझ्या कॉलेजात ती सोय आहे का हे आत्ताच विचारून ठेव. यूजीसीने त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्क्यांची अट ठेवली आहे. म्हणजे मेल पाठवण्याच्या नादात या सत्राचे प्रॅक्टिकलचे मार्क घालवू नकोस. तशी सोय नसेल तर बदलाचा विचार तेव्हा करू, कारणासकट.

आता एनएसएस. इथे मला जरा राग आला होता, तुझा नाही, 'सगळे म्हणतात' त्या सगळ्यांचा. सात वर्षं मी कार्यक्रम अधिकारी होते, तेव्हा माझं मत एकतर्फी आहे असं समजूनच वाच.

२४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी शताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि एक सात दिवसांचं विशेष शिबिर, एवढा तिचा साचा. शिबिर दोन वर्षांत एकदा झालं की पुरतं. तुझं झालं आहे. म्हणजे यंदा तोडणीच्या दिवसांत तू घरी राहिलीस तरी काही बुडत नाही. कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधी जाऊन सांग, आयत्या वेळी गायब होऊ नकोस. प्रश्न एवढाच होता, त्यासाठी एनएसएस सोडायचं कशाला?

'उपयोग नाही' हे कधी कधी खरंही असतं, तेही कबूल करते. आमच्या एका शिबिरात मुलांनी गावात नऊ शोषखड्डे खणले. फोटो झाले, सरपंचांच्या हस्ते नारळ झाला. पुढच्या वर्षी त्याच गावात गेलो तर सात बुजलेले. एक आजी ओट्यावर बसली होती. म्हणाली, "खड्डं खांदायला येतायसा बाळांनो, पण कुठं खांदायचं ते इचारायला कुणी येत न्हाई." त्या वर्षी आम्ही पहिले दोन दिवस फावडं हातात घेतलं नाही. घरोघर गेलो. पाणी कुठे तुंबतं, केव्हापासून, घरातलं कोण कोण त्यातून चालतं, हे विचारत फिरलो. तिसऱ्या दिवशी चारच खड्डे खणले.

ते दोन दिवस म्हणजे संशोधन होतं की समाजसेवा, मला सांगता येणार नाही. तुझ्या डोक्यात हे दोन वेगळे कप्पे आहेत, एक करिअरचा आणि एक 'नसलं तरी चालेल' असा. एनएसएसच्या गटात बारा जणी असतील तर त्यातल्या निदान आठ जणींच्या घरी डाळिंब असेल. तुझ्यासारखाच नकाशा प्रत्येकीने आपल्या बागेचा काढला तर? नियमित तासांतच बसेल ते. मग एका बागेची गोष्ट राहत नाही, गावशिवाराचं चित्र तयार होतं. मात्र दोन पथ्यं. ज्याच्या बागेत जाल त्याला माहिती कशासाठी हवीय ते आधी सांगा, तो नको म्हणाला तर परत फिरा. आणि काम झाल्यावर नकाशा त्याच्या हातात नेऊन द्या. आपल्याकडे गावांचा सर्व्हे करून जाणारे खूप, परत येऊन 'हे निघालं' असं सांगणारे फार थोडे. झाडं गेलेला शेतकरी त्या प्रश्नांनी दुखावतो हे तुला मी काय सांगू, तुझ्याच घरात झालंय.

बाहेर जाऊन काही करावंसं वाटलं तर ठिकाणं आहेत. बाबा आमट्यांनी १९६७ साली चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, ती मे महिन्यात भरते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीच्या शोधग्राममधला 'निर्माण' हा उपक्रम २००६ पासून तरुण मुलामुलींसाठी चालतो. पण तिथे बायोडेटाच्या एका ओळीसाठी जाऊ नये. जायचं तर आपलं काय चाललंय हे तपासायला जावं. तुला आत्ता ते तपासायची घाई नाही असं मला पत्रावरून वाटतं.

हे पत्र वाचणाऱ्या दुसऱ्या विषयांच्या मुलांनी डाळिंबापाशी थांबू नये. भौतिक, रसायन, जीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा 'नियस' हा उपक्रम आत्ताच बघून ठेवावा. वाट बघत बसलं की उशीर होतो. नारायणगावजवळ खोडदला, जिथे ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महाकाय दुर्बीण उभी आहे, तिथे २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला विद्यार्थ्यांचं प्रदर्शन भरतं. बघायला जा, जमलं तर मांडायला जा. पक्ष्यांची गोडी असेल तर फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षीगणना होते, कॉलेजच्या आवारात उभं राहून पंधरा मिनिटं मोजलं तरी ती नोंद ई-बर्ड या संकेतस्थळावर जाते आणि अभ्यासक ती खरोखर वापरतात. आर्ट्सवाल्यांनो, तुम्ही रुसू नका. 'आविष्कार'मध्ये भाषा आणि मानव्यविद्यांचा गट आहे, आणि तुमच्या गावच्या वाचनालयातलं जुनं देवघेव रजिस्टर अजून कुणी उघडलेलं नसेल.

पुन्हा तुझ्याकडे. एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. तुझ्या वहीत वाळलेल्या १७० झाडांच्या तारखा आहेत. जगलेल्या २३० ची एक तरी ओळ आहे का? नसणार, हिशेब मेलेल्यांचा होता. पण केगावला कुणीही तुला पहिलं हेच विचारेल: जी जगली त्यांच्या खोडाला भोकं होती की नव्हती? तेव्हा या रविवारी भिंग घे, सकाळी उन्हं चढायच्या आत बागेत जा, पहिल्या ओळीच्या पहिल्या झाडापाशी गुडघ्यावर बस आणि जमिनीपासून दोन फूट उंचीपर्यंत खोड बघ. भोकं किती ते लिही. एकही नसेल तर शून्य लिही, जागा रिकामी सोडू नकोस. मग पुढचं झाड.